वडिलांना स्टेबल अँजायना आहे: स्टेंट, गोळ्या की बायपास, आणि पुढची वर्षं

प्रश्न थोडक्यात असा: वडील ६२ वर्षांचे, नऊ वर्षांपासून शुगर. चार महिन्यांपासून जिना किंवा चढ चढताना छातीत आवळल्यासारखं होतं, थांबलं की तीन-चार मिनिटांत जातं. स्ट्रेस टेस्ट पॉझिटिव्ह, टू-डी एकोत पंपिंग ६० टक्के. अँजिओग्राफीत एलएडी या मुख्य धमनीच्या मधल्या भागात ८० टक्के ब्लॉक, बाकी दोन धमन्यांत ३० ते ४० टक्के. टेबलावर असतानाच "आत्ताच स्टेंट टाकून घेऊ" असं सांगण्यात आलं, घरच्यांनी वेळ मागून घेतला. दुसरे डॉक्टर म्हणतात, आधी गोळ्यांवर बघू. कुणाचं ऐकायचं? गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील का? ईईसीपीने (पायांना पट्टे बांधून दाब देण्याच्या उपचाराने) ब्लॉक निघतात ही जाहिरात खरी का? आणि वडिलांच्या हातात किती वर्षं आहेत?

शेवटचा प्रश्न आधी घेतो. तो विचारायलाही भीती वाटते असं तुम्ही लिहिलंय, आणि घरच्यांचे बाकीचे सगळे निर्णय त्याच भीतीपोटी होताना मी बघत आलोय.

तुमच्या वडिलांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांच्या एकट्याचा आकडा सांगणार नाही. पण त्यांच्यासारख्या रुग्णांबद्दल, म्हणजे दुखणं ठरावीक श्रमालाच येतं (यालाच स्टेबल अँजायना म्हणतात) आणि पंपिंग चांगलं आहे अशांबद्दल, भरपूर माहिती जमा झालेली आहे. स्टेबल अँजायनाच्या रुग्णांत वर्षाला साधारण १.२ ते २.४ टक्के मृत्यू होतात आणि त्यातले जवळपास निम्मेच हृदयाच्या कारणाने असतात. जीव न घेणारा हार्ट अटॅक वर्षाला ०.६ ते २.७ टक्के जणांना येतो. वडिलांना शुगर असल्यामुळे ते या पट्ट्याच्या वरच्या बाजूला धरावे लागतील. पंपिंग उत्तम आहे ही त्यांच्या बाजूची सर्वांत मोठी गोष्ट. शंभरातले सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव जण वर्ष पार करतात, असा हा आजार आहे. गेली पंधरा-वीस वर्षं अँजायना घेऊन शेती, दुकान, नातवंडं सांभाळणारे कितीतरी लोक माझ्या ओपीडीत येतात. त्यामुळे तुमच्याकडे विचार करायला वेळ आहे. टेबलावरून उठून घरी आलात यात काहीही चुकलेलं नाही.

आता तो ८० टक्क्यांचा आकडा. तो ऐकला की घरातल्या सगळ्यांच्या डोक्यात एकच हिशेब येतो: ८० बंद झालंय, २० उरलंय, ते बंद झालं की अटॅक. हा हिशेब बरोबर नाही. वडिलांना चढावर जे दुखतं ते हृदयाच्या स्नायूची मागणी वाढते आणि अरुंद धमनीतून तेवढं रक्त पोचत नाही म्हणून. थांबलं की मागणी उतरते, दुखणं जातं. हार्ट अटॅक बहुतेक वेळा वेगळ्या वाटेने येतो. धमनीच्या भिंतीत साठलेल्या चरबीच्या थराचं वरचं आवरण, पुटकुळी फुटावी तसं, अचानक फाटतं, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि काही मिनिटांत धमनी बंद होते. असा थर ८० टक्क्यांच्या जागी असू शकतो तसाच ३० टक्क्यांच्या जागीही असू शकतो. तुमच्या वडिलांच्या अहवालात ज्या दोन धमन्यांकडे कुणी फारसं लक्ष दिलेलं नाही, त्यांतही हे थर आहेत. स्टेंट एका जागी बसतो. आजार तिन्ही धमन्यांत आहे.

एवढं लक्षात आलं की पुढच्या अभ्यासांचे निकाल चक्रावून टाकत नाहीत. २००७ साली अमेरिका आणि कॅनडातला 'करेज' हा अभ्यास प्रसिद्ध झाला. २,२८७ रुग्ण, निम्म्यांना चांगली औषधं, निम्म्यांना चांगली औषधं आणि शिवाय अँजिओप्लास्टी, म्हणजे अरुंद जागा फुग्याने उघडून बहुधा स्टेंट ही बारीक जाळी बसवणं. साडेचार वर्षांनी मृत्यू किंवा हार्ट अटॅकचं प्रमाण अँजिओप्लास्टीच्या गटात १९ टक्के, फक्त औषधांच्या गटात १८.५ टक्के. त्यावर बरीच टीका झाली: स्टेंट जुन्या पद्धतीचे होते, जास्त आजारी लोक घेतलेच नाहीत, वगैरे. म्हणून मग 'इस्केमिया' नावाचा आणखी मोठा अभ्यास झाला. ३७ देशांतले ५,१७९ रुग्ण, आपले भारतीयही त्यात होते, आणि सगळ्यांच्या तपासणीत हृदयाला रक्त बऱ्यापैकी कमी पडत असल्याचं दिसलेलं. २०२० मध्ये निकाल आला. सुरुवातीलाच अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपास केलेल्या गटात १४५ मृत्यू, आधी औषधांवर ठेवलेल्या गटात १४४. पुढे सात वर्षांपर्यंत पाठपुरावा केल्यावरही एकूण मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पूर्ण चित्र द्यायचं तर हेही सांगायला हवं की त्या लांबच्या पाठपुराव्यात पहिल्या गटात हृदयाच्या कारणाने झालेले मृत्यू थोडे कमी होते आणि इतर कारणांचे थोडे जास्त. त्यावर आमच्यात अजून चर्चा चालते. पण "स्टेंट नाही टाकला तर जिवाला धोका" असं स्टेबल अँजायनाच्या रुग्णाला सरसकट सांगण्याला या अभ्यासांत आधार नाही.

मग स्टेंट कशासाठी? त्रास कमी करण्यासाठी. तो त्याचा खरा उपयोग आहे आणि तो छोटा नाही. 'ऑर्बिटा' हे इंग्लंडमधले दोन अभ्यास मला फार महत्त्वाचे वाटतात. पहिला २०१७ चा. प्रत्येक रुग्णाच्या एका धमनीत मोठा ब्लॉक होता, आधी सहा आठवडे औषधं नीट बसवली, मग सगळ्यांना कॅथलॅबमध्ये घेतलं. कानाला हेडफोन, झोपेचं औषध. निम्म्यांना स्टेंट बसवला, निम्म्यांना टेबलावर तसंच ठेवून, काहीही न करता बाहेर आणलं. कुणाला काय झालं हे रुग्णालाही माहीत नव्हतं आणि वॉर्डातल्या डॉक्टरांनाही. सहा आठवड्यांनी ट्रेडमिलवर दोन्ही गटांची क्षमता जवळपास सारखीच भरली. दुसरा अभ्यास २०२३ चा: यात ३०१ रुग्णांच्या अँजायनाच्या गोळ्या बंद ठेवून तीच तुलना केली. या वेळी स्टेंटचा फायदा स्पष्ट दिसला. स्टेंटवाल्यांपैकी ४० टक्के लोकांचं दुखणं पूर्ण थांबलं, खोट्या प्रक्रियेवाल्यांपैकी १५ टक्क्यांचं. म्हणजे गोळ्यांशिवाय स्टेंट निश्चित आराम देतो. गोळ्या नीट बसलेल्या असतील तर वरचा फायदा बराच कमी होतो. आणि चाळीस टक्क्यांचा दुसरा अर्थही ध्यानात घ्या: स्टेंट बसूनही निम्म्याहून अधिक लोकांना थोडाफार अँजायना राहिला.

यावरून तुमच्या वडिलांबद्दल माझं मत. आधी सहा ते बारा आठवडे औषधं व्यवस्थित, पुरेशा मात्रेत द्यावीत. त्यानंतरही जिना चढताना अडखळत असतील, किंवा गोळ्या सोसत नसतील, तर स्टेंट जरूर घ्यावा. तेव्हा तो घाबरून घेतलेला नसेल, गरज म्हणून घेतलेला असेल. 'इस्केमिया'तही औषधांवर ठेवलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला चार वर्षांत पुढे स्टेंट किंवा बायपास लागलाच. त्यात कुणाची हार नाही. आणि वडिलांनीच जर म्हटलं, "मला इतक्या गोळ्या नकोत, लवकर मोकळं चालायचंय," तर आधी स्टेंट घेणंही चुकीचं नाही. निर्णय त्यांचा आहे. तो नीट माहिती मिळून व्हावा, एवढंच. स्टेंट घेतला तर रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या साधारण सहा महिने एकत्र लागतात, त्यात खंड चालत नाही, आणि बाकीची औषधं जवळपास सगळी तशीच राहतात. स्टेंट बसला म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी सोडलेले रुग्ण मला दर महिन्याला भेटतात.

स्टेंटकडे जायची वेळ आली तर एक प्रश्न नक्की विचारा: "एफएफआर करणार का?" डोळ्यांनी बघून ठरवलेला ८० टक्के हा अंदाज असतो, दोन अनुभवी डॉक्टर एकाच चित्राला ७० आणि ८५ म्हणू शकतात. एफएफआरमध्ये दाब मोजणारी बारीक तार ब्लॉकच्या पलीकडे नेतात आणि पलीकडे किती दाब पोचतो ते बघतात. ०.८० किंवा त्याहून कमी आलं तर तो ब्लॉक खरंच रक्त अडवतोय. त्यापेक्षा जास्त आलं तर बहुधा स्टेंटची गरज नसते. अँजिओग्राफीची सीडी मागून घ्या, ती तुमची आहे. दुसरं मत घेताना कागदावरचा टक्का दाखवून भागत नाही, डॉक्टरांना चित्र बघावं लागतं.

आता घाई कुठे योग्य असते तेही सांगतो, कारण वरचं वाचून भलत्याच रुग्णाने घरी बसू नये. डाव्या मुख्य खोडात, ज्याला लेफ्ट मेन म्हणतात, ५० टक्क्यांच्या वर ब्लॉक असेल. पंपिंग ३५ टक्क्यांच्या आसपास किंवा खाली गेलं असेल. नुकताच अटॅक येऊन गेला असेल. किंवा दुखणं 'स्टेबल' राहिलेलंच नसेल. असे रुग्ण या अभ्यासांत घेतलेच नव्हते, त्यांचे नियम वेगळे. तुमच्या पहिल्या डॉक्टरांच्या मनात एलएडी ही हृदयाच्या पुढच्या मोठ्या भागाला रक्त पुरवणारी धमनी आहे ही काळजी असणार. ती समजण्यासारखी आहे. म्हणून सीडी बघणाऱ्याला हेही विचारा की ब्लॉक अगदी उगमाजवळ आहे की मध्यावर.

बायपासबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण शुगर असलेल्या घरात हे माहीत हवं. शुगर आहे आणि दोन-तीन धमन्यांत मोठे ब्लॉक आहेत, अशा १,९०० रुग्णांवर 'फ्रीडम' हा अभ्यास झाला, २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांत स्टेंट गटात १६.३ टक्के मृत्यू, बायपास गटात १०.९ टक्के. पक्षाघाताचं प्रमाण मात्र बायपास गटात जास्त होतं, ५.२ विरुद्ध २.४ टक्के. तरीही अशा रुग्णांना मी बायपासच सुचवतो. बायपासमध्ये ब्लॉकला वळसा घालून रक्ताला नवी वाट जोडतात. त्यासाठी छातीच्या आतली धमनी एलएडीला जोडली की ती दहा वर्षांनीही बहुतेकांत चालू असते. पायातून काढलेल्या शिरा तेवढ्या टिकत नाहीत. तुमच्या वडिलांचा मोठा ब्लॉक एकाच धमनीत आहे, त्यामुळे आज हा प्रश्न त्यांच्यापुढे नाही. पुढे कधी बाकीच्या दोन धमन्या बिघडल्या आणि कुणी एका बैठकीत चार स्टेंट सुचवले, तर सही करण्यापूर्वी हृदयशल्यचिकित्सकाचंही मत घ्या.

गोळ्यांकडे येतो. इथे सविस्तर लिहितो, कारण पुढची वर्षं इथेच ठरतात.

गोळ्यांची कामं दोन. काही गोळ्या अटॅक टाळतात, आयुष्य वाढवतात, पण त्यांचा परिणाम अंगाला जाणवत नाही. काही गोळ्या दुखणं थांबवतात, त्यांचा परिणाम लगेच कळतो. लोक दुसऱ्या प्रकारच्या घेत राहतात आणि पहिल्या प्रकारच्या सोडतात.

पहिल्या प्रकारात ॲस्पिरिन ७५ मिलिग्रॅम, आणि स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी. एटोरवास्टॅटिन ४० ते ८० किंवा रोसुवास्टॅटिन २० ते ४०, या पूर्ण मात्रा आहेत. १० मिलिग्रॅमवर वर्षानुवर्षं ठेवलेले रुग्ण बघून वाईट वाटतं. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ५५ च्या खाली आणायचं. "पण रिपोर्टमध्ये ११० ला नॉर्मल लिहिलंय," असं मला रोज ऐकायला मिळतं. ती नॉर्मलची पट्टी निरोगी माणसासाठी आहे. एलडीएल ३९ ने उतरवलं की अटॅक, पक्षाघात वगैरे मोठ्या घटना साधारण पाचाव्या हिश्शाने कमी होतात, आणि जितकं खाली जाल तितका फायदा. स्टॅटिनची मात्रा दुप्पट केली तर एलडीएल फक्त सहा टक्के आणखी उतरतं. म्हणून पूर्ण मात्रेवरही लक्ष्य गाठलं नाही तर इझेटिमाइब जोडतात, ती २० टक्क्यांच्या आसपास उतरवते. तरीही भागलं नाही तर इंजेक्शनं आहेत, महाग आहेत, पण आहेत.

स्टॅटिनने अंग दुखतं, असं मोबाइलवर फिरत असतं. खरा स्नायूंचा त्रास काहींना होतो, तेव्हा औषध किंवा मात्रा बदलता येते. पण 'सॅमसन' हा २०२० चा अभ्यास सांगण्यासारखा आहे. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने हुबेहूब दिसणारी रिकामी गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं आलटून पालटून दिलं. स्टॅटिनवर जेवढा त्रास नोंदवला गेला त्यातला ९० टक्के त्रास रिकाम्या गोळीवरही झाला. त्रास खोटा नव्हता, होत होताच. पण कारण गोळीतलं औषध नव्हतं. निम्म्या लोकांनी निकाल कळल्यावर स्टॅटिन पुन्हा सुरू केली.

शुगर आणि बीपी हे याच कामात धरा. बीपी १३० / ८० च्या खाली. एचबीए-१-सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, ७ च्या आसपास. शुगरच्या गोळ्यांमध्ये एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन या गटातली किंवा सेमाग्लुटाइडच्या गटातली औषधं हृदयालाही उपयोगी पडतात. वडिलांच्या चिठ्ठीत यांपैकी काही नसेल तर त्यांच्या डॉक्टरांना त्याबद्दल विचारा.

दुखणं थांबवणाऱ्यांत पहिली बीटा ब्लॉकर: मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉल. ही नाडी मंद करते, बसलेलं असताना ५५ ते ६० पर्यंत आणते. हृदयाची मागणी उतरते. ही गोळी एकदम बंद करायची नाही, दुखणं उलटून येतं. जोडीला ॲम्लोडिपिन. पाय सुजले तर तो बहुधा त्याचाच परिणाम असतो, किडनी बिघडल्याचा नव्हे. दमा वगैरेमुळे बीटा ब्लॉकर चालत नसेल तर डिल्टियाझेम, मात्र बीटा ब्लॉकरबरोबर ते देणं टाळतात, नाडी फार उतरू शकते. एवढ्यावर भागलं नाही तर रॅनोलॅझिन, निकोरँडिल, आयवाब्रॅडिन, ट्रायमेटाझिडिन आणि लांब पल्ल्याची नायट्रेट. नायट्रेट सकाळी आणि दुपारी अशी देतात, रात्र मोकळी ठेवतात, कारण चोवीस तास मिळत राहिली तर शरीराला सवय होऊन ती काम करेनाशी होते. निकोरँडिलवर तोंडात फोड येऊन महिनाभर ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या खाल्लेले लोक मी पाहिलेत. तसं झालं तर औषध देणाऱ्याला सांगा.

सॉर्बिट्रेट, म्हणजे जिभेखाली ठेवायची नायट्रेट, खिशात हवीच, आणि ती घ्यायची कशी हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. दुखायला लागलं की थांबायचं, बसायचं. उभ्याने घेतली तर बीपी उतरून चक्कर येते, आणि आडवं झालं तर हृदयाकडे जास्त रक्त येऊन दुखणं रेंगाळतं. म्हणून खुर्चीत किंवा पायरीवर, टेकून. ५ मिलिग्रॅमची गोळी जिभेखाली, गिळायची नाही, वरून पाणी नाही. जिभेखाली किंचित चुरचुरतं, डोकं ठणकतं; ठणकलं म्हणजे औषध लागू पडतंय. दोन ते पाच मिनिटांत छाती मोकळी व्हायला हवी. पाच मिनिटांत कमी नाही झालं किंवा वाढतच गेलं तर १०८ ला फोन, स्वतः गाडी चालवत निघायचं नाही. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा कुठे रक्तस्राव नसेल तर ३०० ते ३२५ मिलिग्रॅमची गोळी चावून खायची. हीच सॉर्बिट्रेट, जिथे हमखास दुखतं अशा चढाआधी पाच-दहा मिनिटं घेतली तर दुखणं टळतं. हे बऱ्याच रुग्णांना कुणी सांगितलेलंच नसतं. लैंगिक ताठरतेसाठीची सिल्डेनाफिल घेतली असेल तर चोवीस तास, त्याच कामाची टाडालाफिल घेतली असेल तर अठ्ठेचाळीस तास नायट्रेट अजिबात नाही, बीपी धोकादायक उतरतं. हे वडील मुलांसमोर बोलणार नाहीत. डॉक्टरांनी एकटं घेऊन विचारावं, आणि तुम्ही तशी संधी त्यांना द्यावी.

गोळ्या जन्मभर का? अटॅक टाळणाऱ्या, होय. दुखण्याच्या गोळ्या मात्र कमी होऊ शकतात. बऱ्याच जणांचं दुखणं वर्षभरात आपोआप विरळ होतं किंवा थांबतं, मग त्या एकेक करून उतरवता येतात.

चालण्याबद्दल घरचे फार घाबरतात. वडिलांना खुर्चीत बसवून ठेवू नका. अँजायनाचं पहिलं नीट वर्णन लंडनच्या विल्यम हेबरडन यांनी १७७२ मध्ये छापलं: चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर लगेच, येणारं आणि थांबताच जाणारं दुखणं. तेव्हा हाताशी औषध काही नव्हतं. पण त्यांनी एक रुग्ण नोंदवून ठेवलाय जो रोज अर्धा तास लाकडं करवतीने कापायचा आणि जवळजवळ बरा झाला. जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये २००४ साली हेच मोजून पाहिलं. स्टेबल अँजायनाचे १०१ पुरुष, निम्म्यांना वर्षभर रोजचा व्यायाम, निम्म्यांना स्टेंट. वर्षाअखेर हृदयाची कोणतीही मोठी घटना न झालेले व्यायाम गटात ८८ टक्के, स्टेंट गटात ७० टक्के. अभ्यास लहान होता, पण दिशा स्पष्ट आहे. वडिलांनी सपाटीवर, बोलता येईल इतक्या वेगाने, दहा मिनिटांपासून सुरुवात करावी, दर आठवड्याला थोडं वाढवत अर्ध्या-पाऊण तासावर न्यावं. पहिली पाच मिनिटं हळू. जेवणानंतर लगेच नाही, थंडीच्या पहाटे नाही. दुखलं तर थांबायचं, दुसऱ्या दिवशी थोडं कमी चालायचं, पण चालायचं. घाटातल्या गावी जायला हरकत नाही. फक्त सामानाच्या पिशव्या दुसऱ्याने उचलाव्यात.

तंबाखूचं तुम्ही काही लिहिलं नाहीत. सिगारेट नाही म्हणून लोक सुटका झाली समजतात. मळलेली तंबाखू, गुटखा, बायकांची मिश्री, सगळंच नडतं. खाण्यात मी फार याद्या देत नाही. घरात माणशी महिन्याला अर्धा लिटरच्या आसपास तेल, लोणचं-पापड सणापुरते, ताटात भाजी आणि उसळ भाताहून जास्त. शुगर असल्यामुळे भाकरीही मोजून, ज्वारीची म्हणून कितीही चालत नाही. दरवर्षी फ्लूची लस घ्यावी. हृदयरुग्णांना तिचा चांगला उपयोग होतो.

ईईसीपी. पायांना पट्टे बांधून हृदयाच्या ठोक्यांच्या तालात हवेने दाबतात, रोज एक तास, एकूण साधारण ३५ तास. ज्यांना स्टेंट-बायपास शक्य नाही आणि सगळ्या गोळ्या देऊनही दुखतं, त्यांच्यापैकी काहींना याने आराम मिळतो. ब्लॉक निघत नाही. 'नैसर्गिक बायपास' म्हणून हजारो रुपये घेऊन, वर स्टॅटिन बंद करायला सांगणाऱ्या जाहिरातींचा मला राग येतो, कारण त्यांच्या नादाने गोळ्या सोडलेले लोक पुढे अटॅक घेऊन येतात. शिरेतून औषध सोडून धमन्या 'धुण्याची' चिलेशन थेरपी तर शुगर असलेल्या रुग्णांवरच्या २०२४ च्या मोठ्या अभ्यासात निरुपयोगी ठरली आहे. तुमच्या वडिलांना यांपैकी कशाचीही गरज नाही.

पैशाची काळजी असेल तर: वर लिहिलेल्या नेहमीच्या गोळ्या जेनेरिकमध्ये, जनऔषधी केंद्रात बऱ्याच स्वस्तात मिळतात. औषधाचा लेप असलेल्या स्टेंटच्या किमतीवर सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये मर्यादा घातली, तेव्हा ती २९,६०० रुपये होती. बिलात स्टेंटची किंमत वेगळी लिहून मागा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही बसतात, रुग्णालय योजनेत आहे का हे आधी आरोग्यमित्राकडे विचारा.

कधी थांबायचं नाही, ते घरात सगळ्यांना सांगून ठेवा. आधी दोन मजल्यांवर दुखायचं ते आता एका मजल्यावर दुखतंय. बसल्या बसल्या किंवा झोपेतून उठवून दुखतंय. दुखणं पंधरा-वीस मिनिटं टिकतंय. सोबत घाम, उलटी, जीव घाबरा होणं. असं झालं तर तो स्टेबल अँजायना राहिलेला नाही, त्याच दिवशी रुग्णालय. शुगरवाल्यांना छातीत दुखण्याऐवजी नुसती धाप लागते किंवा जबडा, खांदा, पोटाचा वरचा भाग धरतो. "गॅस झालाय" म्हणून सोडा पिऊन रात्र काढायची नाही.

आईला कधी असंच दुखलं आणि अँजिओग्राफी स्वच्छ निघाली तर "काही नाही, मनाचं आहे" यावर समाधान मानू नका. बारीक रक्तवाहिन्यांचा अँजायना स्त्रियांमध्ये बराच आढळतो, तो खरा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत.

पुढच्या भेटींचं वेळापत्रक असं ठेवा. औषधं सुरू केल्यावर चार ते सहा आठवड्यांनी एलडीएल आणि यकृताची तपासणी, तेव्हाच नाडी आणि बीपी बघून मात्रा वाढवणं. तीन महिन्यांनी दुखण्याचा हिशेब: आठवड्यातून किती वेळा, किती जिन्यांवर, किती सॉर्बिट्रेट लागल्या. हे वडिलांना एका वहीत लिहायला सांगा, त्यावरूनच स्टेंटचा निर्णय होईल. सगळं ठीक असेल तर सहा महिन्यांनी भेट. वर्षातून एकदा ईसीजी, शुगर, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), कोलेस्टेरॉल. दरवर्षी अँजिओग्राफी किंवा सीटी लागत नाही. दात काढायचा असेल किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन असेल तर ॲस्पिरिन स्वतःहून बंद करू नका, आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा.